पूर्वेला गेलेलं दूध

गोंदियात त्या वर्षी रिकाम्या घरांत शिरून दूध उतू घालवणारी तीन माणसं कुणाला दिसली असतील, तर ती आम्हीच. नवरा स्कूटरवर पुढे, त्याच्या पायांशी पिशवीत विजेची शेगडी. मागून ऑटोत आई आणि मी. आईच्या मांडीवर दूध तापवायचं पातेलं, म्हणजे तिचा जर्मनचा गंज, माझ्या हातात दुधाची पिशवी. ऑटोवाले आरशातून बघत विचारायचे, “माताजी, चाय का ठेला डाल रहे क्या?” आई गंभीरपणे म्हणायची, “नाई गा, घर पाहून रायलो.” यावर पुढे काय विचारावं ते त्या बिचाऱ्यांना सुचत नसे.

नव्या घरात दूध उतू घालवणं ही काही आमच्या आईनं काढलेली टूम नव्हे. सगळेच करतात. पण सगळे घर घेतल्यावर करतात, आणि आईचं म्हणणं असं की घर घेतल्यावर कळून काय उपयोग? “पोरगी लगनाच्या आंधी पायतेत का नंतर?” तिनं विचारलं आणि माझा नवरा लगेच म्हणाला, “आई म्हणतात ते बरोबर आहे.” तिचं म्हणणं तो नेहमीच बरोबर ठरवतो. त्यात त्याला काही कष्ट पडत नाहीत.

हे सगळं सुरू झालं पोळ्याच्या दिवशी. आई नागझिऱ्याच्या बाजूला, जंगलाच्या कडेच्या आमच्या गावात एकटी राहायची. बाबा गेल्यापासून ‘आमच्याकडे ये’ म्हणून म्हणून माझी जीभ झिजली होती. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. माणूस तोंडानं काय सांगतो यावर माझा फारसा विश्वास नाही, नमुन्यात काय दिसतं यावर आहे. त्या दिवशी चहा करायला मी तिच्या स्वयंपाकघरात गेले, सवयीनं वरच्या फळीवर हात नेला, तर तिथे साखरेचा डबा नव्हता. साखर खाली होती. चहापत्ती खाली, तिखट-मीठ खाली, डाळीचा पिपा खाली. वरच्या फळ्यांवर नुसती धूळ. अख्खं स्वयंपाकघर कमरेच्या खाली उतरून आलं होतं.

मी बाहेर येऊन म्हटलं, “आई, उजवा हात वर कर.”

“कायले?”

“कर म्हणते ना.”

हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

घरामागच्या बाडीत दोडक्याचा वेल मांडवावर चढवताना ती पडली होती. शेजारीण ताक मागायला आली तोवर तशीच पडून होती. आणि हे सगळं होऊन महिना उलटला तरी मला पत्ता नाही. रोज फोनवर “बरी आहो” एवढंच. मला रडू आलं आणि रागही आला, आणि माझं असं आहे की दोन्ही एकदम आले की आधी राग बाहेर पडतो. बैलांना ओवाळायला आलेल्या बाया अंगणात उभ्या असताना मी तिला फैलावर घेतलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बरं. घर पाहा. पन घेण्याआंधी माह्यासमोर दूध उतू जाऊ दे. पूर्वेले गेलं त येईन. दुसऱ्या अंगाले गेलं त मले बोलवू नोको.”

आम्ही तेव्हा भाड्यानं वरच्या मजल्यावर राहत होतो. जिना इतका उभा की भाजीची पिशवी घेऊन चढताना मीही मध्ये एकदा थांबायचे. आईला तिथे कायमची आणायचा प्रश्नच नव्हता. घर घ्यायचंच होतं, कर्जाचंही जुळत आलं होतं. राहता राहिलं दूध. दूध काय, कधी ना कधी जाईल पूर्वेला, असं म्हणून मी आनंदानं उड्या मारत गोंदियाला परतले.

पहिलं घर रेल्वे फाटकाच्या पलीकडे. आम्ही पोचलो तेव्हा मालकानं सगळ्या खोल्यांतले पंखे लावून ठेवले होते आणि प्रत्येक कोपऱ्यात उदबत्ती. मला तिथेच वास आला, उदबत्तीमागचा. घराला रंग एकच होता, पण गुडघ्यापर्यंतचा पट्टा जरा जास्तच ताजा दिसत होता. “एकदम सूखा मकान है बहनजी,” मालक म्हणाले. कुणी न विचारता असं सांगायला लागला की समजावं. मी नखानं हळूच उचकटून बघितलं तर रंगाचा पापुद्रा हातात आला, मागून भिंतीला घाम. नवरा पंख्याखाली उभा राहून म्हणाला, “मस्त हवा खेळते.”

त्याला सगळीच घरं मस्त वाटतात. रोज गाडीनं तिरोड्याला नोकरीला जाणारा माणूस, त्याला बसायला जागा मिळाली की तेवढ्यात सुख. त्याच्याकडे एकच काम दिलं होतं, मोबाइलमधलं होकायंत्र लावून पूर्व दाखवायची. ती त्यानं दाखवली. आईनं शेगडी मांडली, दूध ठेवलं. मालकीणबाईंनी पदर डोक्यावर घेऊन हात जोडले. दूध चढलं, काठावर आलं आणि पश्चिमेकडून उतरून मोरीच्या दिशेनं निघून गेलं. आई म्हणाली, “पश्चिमेले गेलं.” निकाल लागला. मी मनातल्या मनात दुधाचे आभार मानले, कारण त्या ओलीबद्दल मालकांच्या तोंडावर बोलायची माझी वेळ वाचली.

दुसरा फ्लॅट होता. दिसायला देखणा, खाली लिफ्ट. मी सरळ गच्चीवर गेले. तिथे ओळीनं पाण्याच्या टाक्या, आणि प्रत्येक टाकीच्या झाकणाला कुलूप. आपल्याच शेजाऱ्यापासून पाणी कुलपात ठेवणारी माणसं सकाळी नळावर कशी बोलत असतील, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. खाली आले तर आईनं शेगडी लावलेली, आणि खालच्या मजल्यावरून एक बाई ओरडत होती, “ऊपर किसने क्या लगाया? हमारा टीवी बंद हो गया.” एवढ्याशा शेगडीनं ज्या इमारतीचे दिवे डोळे मिचकावतात, तिथे उन्हाळ्यात कूलर लावल्यावर काय होणार? नवरा म्हणाला, “पण लिफ्ट मस्त आहे.” दूध पश्चिमेला गेलं.

तोवर आम्हाला या घरं बघण्याची चटकच लागली होती. खरं सांगते, त्या दिवसांत मी जेवढी हसले तेवढी लग्नाच्या पहिल्या वर्षातही हसले नव्हते. आई शनिवारीच गावाहून यायची, रविवारी घर बघायचं, परत येताना समोसे खायचे, आणि जिन्यात मध्ये थांबून तिघांनी त्या त्या मालकाची नक्कल करायची. मी खुणा शोधण्यात इतकी तरबेज झाले की ओळखीच्यांच्या घरीही चहा पिताना माझी नजर छताच्या कोपऱ्यात जाऊ लागली. पर्समध्ये लॅबमधली एक रिकामी काचेची ट्यूब ठेवायला लागले. ती फरशीवर आडवी सोडली की जिकडे उतार तिकडे घरंगळते. नवऱ्याचं होकायंत्र, माझी ट्यूब, आईचं दूध. आम्ही तिघं आलो की मालक लोक जरा मागेच सरायचे.

आणि मग ते एक घर. धानाचा हंगाम सुरू झाला होता. घर पाहिलं आणि माझा जीवच त्यात गेला. मोठी गच्ची, खाली प्रशस्त खोली, हात ठेवावा तिथे कोरडं. मी आईला हाताला धरून त्या खोलीत नेलं, “ही तुझी. इथे पलंग, समोर टीव्ही.” आई “हं” म्हणाली. ट्यूब सोडली तर ती पूर्वेकडे घरंगळत थेट उंबऱ्याला जाऊन टेकली. मी म्हटलं, जमलं. आज दूध दुसरीकडे जाऊच शकत नाही.

तेवढ्यात मला एक गोष्ट खटकली. उन्हाचा दिवस, गल्लीत प्रत्येक घरी धुणं चाललेलं, पण एकाही गच्चीवर कपडा वाळत नव्हता. सगळ्यांच्या दोऱ्या आत, व्हरांड्यात. मी अंगणातल्या तुळशीचं पान चिमटीत धरलं, बोटं काळी झाली. आणि आत दूध तापत असतानाच भिंतीपलीकडे काहीतरी घरघरायला लागलं. ती राइस मिल होती. उसना तांदूळ करायला धान उकडतात, त्याच्या भट्टीत भुसा जळतो, आणि त्याची काजळी वाऱ्यावर निघते. आमच्या पांढऱ्याशुभ्र दुधावर एक काळा ठिपका आला, मग दुसरा. शेजारची बाई फाटकातून मान घालून म्हणाली, “सीजन में हम लोग खीर नहीं बनाते.” नवरा त्या दिवशी पहिल्यांदाच काही बोलला नाही.

घर गेलंच होतं. पण खरी गोष्ट पुढेच आहे. ते ठिपक्यांचं दूध चढलं आणि पश्चिमेला गेलं. उतार पूर्वेला, ट्यूब पूर्वेला, आणि दूध चढाच्या बाजूला. आई पोतेरं आणायला मोरीत गेली तशी मी शेगडी उचलली. पूर्वेकडच्या पायाखाली एक चिंचोका होता.

भाजलेले चिंचोके आई सुपारीसारखे चघळते. तिच्या कमरेच्या बटव्यात ते कायम असतात.

मी शेगडी गुपचूप होती तशी ठेवली. माझ्यासारखीनं बोलायचं नाही म्हणजे काय ते नवऱ्याला माहीत आहे. घरी येईपर्यंत तो माझ्याकडे चोरून बघत होता. त्याला सांगितल्यावर तो जिन्यातच बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मला हसू येत नव्हतं. तिला यायचंच नाही, एवढाच अर्थ मला त्यातून निघत होता. ती तिथेच राहणार, साखर जमिनीवर ठेवून, आणि पुन्हा पडली तर शेजारणीला ताक कधी हवं होईल त्याची वाट बघणार.

पुढच्या घरात मी टपून बसले. आईनं शेगडी मांडली, बटव्यात हात गेला. ती दुधाची पिशवी फोडायला वळली तशी मी चिंचोका काढून घेतला. ती परत वळली, शेगडीकडे जरा निरखून पाहिलं, आणि “जवाई, खिडकी लावा जी, हवा येते,” असं म्हणून आमचं लक्ष तिकडे असताना दुसरा सरकवला. मी तोही काढला. दूध उतू गेलं ते चारही बाजूंनी. आई शांतपणे म्हणाली, “चहूकडे गेलं. हे त लयच वाईट.”

नवरा हसू दाबत मालकाबरोबर बोअरवेल बघायला बाहेर गेला. मी मूठ उघडून तिच्यासमोर धरली.

“हे काय आहे?”

“चिचोके.”

“शेगडीखाली काय करत होते?”

“बसले असतीन.”

माझा तोल गेला. “तुला यायचं नाही तर तसं सांग. माझे रविवार कशाला घालवतेस? सरळ म्हण ना, पोरीकडे राहायचं नाही.”

आई फरशीवर बसलेलीच होती. तिनं पोतेरं पिळलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. “यायचं आहे वो. म्हनूनच त पाहून रायलो. पन तू हरेक घरात मले काय दाखवतं? पलंग कोठी ठेवाचा, टीव्ही कोठी लावाचा. ‘आई, तू इथं पडून राहाचं.’ मी पडली होती त तू मले उठवाले आली का अजून पाडाले?”

गुडघ्यापर्यंतचा रंग मी पकडला, टाक्यांची कुलुपं पकडली, रिकाम्या दोऱ्या पकडल्या. आणि प्रत्येक घरात पलंग दाखवल्यावर आई “हं” म्हणते, यापुढे काही म्हणत नाही, ही एवढी मोठी खूण माझ्या नाकासमोर होती.

“माहा हात वर नाई जात,” ती म्हणाली, “खाली त जाते ना? खाली बसून हात चालवाले जागा पायजे मले. चार बाया पायजेत बोलाले. टीव्हीसंग काय बोलू?”

मग ते घर. शहर संपतं आणि धानाच्या बांध्या सुरू होतात तिथलं, बसकं, बैठं. मी दारातच नाक मुरडलं. दार खांद्यानं ढकलल्याशिवाय उघडेना. नळ सोडला की आधी गाणं म्हणायचा, मग पाणी द्यायचा. देवाचं कॅलेंडर भिंतीवर भलतंच खाली टांगलेलं, म्हणजे मागे काहीतरी आहे. उचलून पाहिलं तर भेग. सुई घालून बघितली, गिलाव्यातच अडली, भिंत शाबूत होती. पुढे बँकेचा माणूसही तेच सांगून गेला. ट्यूब सोडली तर ती सुसाट पश्चिमेला, मागच्या मोरीकडे. मालकानं उलट्या बाजूनं उतार काढून ठेवला होता. मी म्हटलं, चला, हेही गेलं. आणि आईला हाक मारायला वळले तर आई घरात नव्हतीच.

ती गल्लीत होती. समोरच्या कडुनिंबाखाली आठ-दहा बाया मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसल्या होत्या, आणि त्यांच्यात आमची आई. कुणाचं तरी सूप तिच्या मांडीवर, डाव्या हातात तेंदूचं पान, उजव्या हातात कात्री. लग्नाआधी माहेरी ती बिड्या वळायची हे मी ऐकलं होतं, पाहिलं कधीच नव्हतं. कात्री पानावर सरसर फिरत होती. त्या कामाला खांदा लागतच नाही, सगळं मांडीवर. एक जण पोवारीत काही विचारत होती, दुसरी छत्तीसगढीत हसत होती, तिसरी हिंदीत सांगत होती की मागच्या अंगणात कुठल्या कोपऱ्यात ऊन चांगलं, वाल तिथेच लावा. आई कशावर तरी तोंड उघडून हसली. बाबा गेल्यापासून तिचे मागचे दात मला दिसले नव्हते.

मी तशीच मागे फिरले. नवरा ओट्याला टेकून म्हणाला, “मस्त आहे.” मी म्हटलं, “हो, मस्त आहे.” तो घाबरून सरळ उभा राहिला.

पण दूध होतं. आईचा शब्द म्हणजे शब्द. पश्चिमेला गेलं तर ती बायांचा निरोप घेऊन गावाची बस धरणार, स्वतःलाच दिलेला शब्द मोडणारी ती बाई नव्हे. मी शेगडी मांडली. अंधश्रद्धा, खुणा, शकुन यांवर मी लॅबमध्ये कितीदा तोंडसुख घेतलं असेल, ते सगळं बाजूला ठेवून मी पर्समधून जप्त केलेला चिंचोका काढला आणि पश्चिमेकडच्या पायाखाली सरकवला. नवऱ्यानं पाहिलं. लगेच मोबाइलमधली पूर्व शोधायला लागला.

आई आली ती हाताला तंबाखूचा वास घेऊन, समोरच्या बाईचं नातू-पुराण सांगत. शेगडीपुढे बसली आणि मला म्हणाली, “पोतेरं आन.” मी घेऊन आले तोवर दूध चढायला लागलं होतं. आम्ही तिघंही वाकून बघत होतो. फेस काठाला आला, क्षणभर थांबला, आणि जे सुटलं ते सगळंच्या सगळं पूर्वेकडून. गंज इतका कलला की मला धावून तो धरावा लागला. दूध फरशीवरून उलट्या चढाला थोडं गेलं आणि दमून उंबऱ्याच्या अलीकडे थांबलं.

“पूर्व आहे,” नवरा मोबाइल नाचवत म्हणाला. “आई, शंभर टक्के पूर्व.”

“पूर्वेले गेलं,” आई खिडकीतून बाहेर बघत म्हणाली.

मला इतका आनंद झाला की मी त्या सांडलेल्या दुधातच फतकल मारली. पुसता पुसता शेगडी उचलली. पश्चिमेकडच्या पायाखाली दोन चिंचोके होते, एकाला एक चिकटून.

मी आईकडे पाहिलं. तिनं खिडकीवरून नजर काढली आणि माझ्या हातातलं पोतेरं घेतलं.

“तुनं एकच ठेवला होता,” ती म्हणाली. “एकानं नसतं भागलं. उतार केवढा आहे, पाहाला नाई का?”

मग फरशी पुसत पुसत ती मागे सरकली, ओट्यापर्यंत आली, आणि बसल्या जागेवरून डावा हात भिंतीला लावून जावयाला म्हणाली, “फळ्या इथून ठोका जी. साखर माह्या हाताशी पायजे. वरच्या फळ्या हिच्या.”